ॲरिझोनाच्या वाळवंटात हरीण आणि लहान सावजाची शिकार शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनिक्स आणि टूसॉन परिसरात राहणारी मराठी मंडळी गेली काही वर्षे मला शिकारीविषयी जे प्रश्न पाठवत आली आहेत, त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे ॲरिझोनातील सोनोरन वाळवंट आणि त्याला लागून असलेल्या डोंगररांगा यांच्यापुरतीच आहेत. हंगामाच्या तारखा आणि मर्यादा बदलत असल्यामुळे ॲरिझोना गेम अँड फिश विभागाची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय कोणीही घराबाहेर पडू नये.

१. भारतात शिकारीला बंदी आहे. मग येथे शिकार करणे कायदेशीर कसे?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद केली. आजोबांच्या काळी गावाकडे तितर-ससे धरले जात असले, तरी आज तेथे तो गुन्हा आहे आणि येथील परवाना दाखवून तेथे काहीही करता येत नाही. ॲरिझोनात वन्यप्राण्यांची व्यवस्था राज्य पाहते. कळपांची पाहणी करून दरवर्षी किती टॅग (एक जनावर मारण्याची परवानगी देणारी चिठ्ठी, प्रश्न ४ पाहा) द्यायचे हे ठरते, आणि १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांवरील उत्पादन कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. शिकार करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. केवळ शिंगे भिंतीवर लावण्यासाठी येणाऱ्याला मी सोबत नेत नाही. जे मारले ते घरी नेऊन खायचे, एवढी एकच अट मी घालतो.

२. या वाळवंटात नेमकी कोणती हरणे आहेत आणि ती ओळखायची कशी?

दोन आहेत : म्यूल डीअर आणि कूझ व्हाइटटेल. दोन्ही आपल्या चितळ-सांबरांच्या कुळातील आहेत, म्हणजे नरांची शिंगे भरीव असतात आणि दरवर्षी गळून नव्याने येतात. म्यूल डीअर सपाटीवर, टेकड्यांच्या पायथ्याशी आणि पालो व्हर्दे व आयर्नवूडच्या झाडांनी भरलेल्या कोरड्या ओढ्यांत राहते. त्याचे कान खेचरासारखे मोठे, शेपटीचे टोक काळे आणि शिंगे दर टप्प्यावर दुभंगत जाणारी असतात. धोक्याच्या वेळी ते चारही पाय एकदम उचलून उड्या घेत जाते. कूझ हरीण त्याहून बरेच लहान असते, पूर्ण वाढलेला नरही साधारण ४५ किलोच्या आसपास भरतो. ते सांता रिटा किंवा चिरिकावासारख्या डोंगरांवर, ओक आणि ज्युनिपरच्या पट्ट्यात सापडते. त्याच्या शिंगाची एक मुख्य दांडी पुढे वळते आणि तिच्यावर टोके उभी राहतात; पळताना पांढरी शेपटी झेंड्यासारखी वर येते. टॅगवर कोणती जात लिहिली आहे ते पाहूनच नेम धरावा, कारण काही टॅग एकाच जातीसाठी असतात आणि काही ठिकाणी दोन्ही जाती एकाच डोंगराच्या वरखाली राहतात.

३. मी कधीच शिकार केलेली नाही. पहिल्याच वर्षी हरणासाठी अर्ज करू का?

अर्ज जरूर करावा, कारण त्यातून बोनस गुण मिळतो (प्रश्न ५ पाहा). प्रत्यक्ष शिकारीचा आरंभ मात्र कॉटनटेल ससा आणि लावे यांच्यापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. त्यांना टॅग लागत नाही, साधा परवाना पुरतो. कॉटनटेलचा हंगाम वर्षभर चालतो आणि दिवसाला दहाची मर्यादा आहे. लावे हिवाळ्यात मिळतात आणि त्यांची रोजची मर्यादा पंधरा आहे. दोन हिवाळे सशांच्या मागे घालवलेला माणूस बंदूक सुरक्षित हाताळणे, सावज सोलणे, उन्हात पाणी पुरवणे आणि रिकाम्या हातांनी परत येणे या चारही गोष्टी शिकलेला असतो. हरणाच्या वेळी या चारांची एकदमच गरज पडते.

४. परवाना, टॅग आणि सोडत यांत फरक काय?

परवाना म्हणजे शिकारीची सर्वसाधारण परवानगी. टॅग हा विशिष्ट प्राणी, विशिष्ट विभाग आणि विशिष्ट तारखा यांच्यापुरता असतो. मारलेल्या हरणाला तो लगेच लावावा लागतो. संपूर्ण राज्य शिकारीसाठी क्रमांक दिलेल्या विभागांत वाटलेले आहे. शरद ऋतूतील हरणांच्या टॅगसाठी साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करावा लागतो आणि सोडत निघते. सोडतीनंतर उरलेले टॅग जो आधी येईल त्याला मिळतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठी काही विभागांत सोडतीशिवाय टॅग मिळतो, पण तेथे मिळालेल्या हरणाची नोंद ४८ तासांच्या आत गेम अँड फिश विभागाला कळवावी लागते आणि ठरलेली संख्या भरली की तो शिकारीचा विभाग बंद होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी विभाग उघडा आहे का, हे तपासावे. रहिवाशाचे कमी शुल्क लागू होण्यासाठी ॲरिझोनात सलग सहा महिने वास्तव्य हवे.

५. बोनस गुणांचा उपयोग कसा होतो?

सोडतीत टॅग मिळाला नाही की त्या प्राण्यासाठी एक गुण जमा होतो. सोडतीत प्रत्येक अर्जाला एक आकडा मिळतो आणि प्रत्येक गुणामागे आणखी एक. त्यांतील सर्वांत लहान आकडा आपला धरला जातो, म्हणून जास्त गुण म्हणजे जास्त संधी. याशिवाय प्रत्येक शिकारीतील वीस टक्के टॅग सर्वाधिक गुण असणाऱ्यांसाठी आधी बाजूला काढले जातात. गेम अँड फिश विभागाचा हंटर एज्युकेशन अभ्यासक्रम पूर्ण केल्यास एक कायमचा गुण मिळतो आणि सलग पाच वर्षे अर्ज केल्यास निष्ठेचा आणखी एक. नवख्याने गाजलेल्या विभागांच्या मागे न लागता सहज मिळणारा टॅग घेऊन प्रत्यक्ष रानात दिवस घालवावेत. गुण साठवत घरी बसलेल्याला डोंगर वाचता येत नाही.

६. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

सर्वांत जास्त वेळा आलेला हाच प्रश्न आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याविषयीच आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. यात एच-वन-बी, त्यावर अवलंबून असलेले एच-फोर आणि विद्यार्थ्यांचे एफ-वन हे सगळे येतात. ‘बाळगणे’ या शब्दात मित्राची बंदूक क्षणभर हाताळणेही धरले जाऊ शकते. याला अपवाद आहेत आणि आपल्या उपयोगाचा अपवाद असा की, अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला आणि मुदतीत असलेला शिकार परवाना ज्याच्याकडे आहे त्याला ही बंदी लागू होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी परवाना, मग बंदुकीला हात, अगदी नेमबाजीच्या मैदानावर सरावाला जायचे असले तरीही. परवान्याची मुदत संपली त्या दिवशी घरात बंदूक असेल, तर अडचण उभी राहते. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी लागू नाही. धनुष्य केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, त्यामुळे व्हिसावरील अनेकांनी धनुष्याचाच मार्ग पत्करला आहे. बंदूक विकत घेण्यापूर्वी मात्र स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण येथे झालेल्या चुकीचा परिणाम पुढील सर्व अर्जांवर होतो.

७. कोणते हत्यार घ्यावे?

लहान सावजासाठी २० किंवा १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) छर्ऱ्याची बंदूक पुरते, आणि बसलेल्या सशासाठी पॉइंट टू टू रायफल. हरणासाठी .२४३, .२७० किंवा .३०८ यांसारखी सेंटरफायर रायफल (जिचे काडतूस बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटते) घ्यावी. संपूर्ण धातूचे आवरण असलेली, न फुलणारी गोळी मोठ्या सावजासाठी निषिद्ध आहे. धनुष्याची ओढ निदान ३० पौंड असावी, हा नियम आहे. माझ्या मते हरणासाठी ती ४५ च्या खाली नसावी. खर्चाला मर्यादा असेल तर रायफल साधी घ्यावी आणि वाचलेले पैसे दुर्बीण व तिपाई यांवर घालावेत. त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. कोणत्या जमिनीवर शिकार करता येते?

टोंटो आणि कोरोनाडो ही राष्ट्रीय वने आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याची विस्तीर्ण जमीन सर्वसाधारणपणे खुली आहे. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर वैध परवाना असलेल्या शिकाऱ्याला हंगामात शिकारीसाठी जाता येते. सग्वारो राष्ट्रीय उद्यान आणि ऑर्गन पाइप कॅक्टस स्मारक येथे शिकार वर्ज्य आहे. तोहोनो ओओधाम आणि इतर आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर राज्याचा परवाना चालत नाही, त्यांची स्वतंत्र परवानगी लागते. कोणत्याही वस्तीच्या घरापासून पाव मैलाच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. रस्त्यावरून, रस्त्यापलीकडे किंवा गाडीत बसूनही झाडता येत नाही.

९. चार दिवस चाललो, एकही हरीण दिसले नाही. चूक कुठे होते?

बहुधा चालण्यातच. सह्याद्रीत ट्रेक करून तयार झालेले आपले पाय येथे आड येतात. वाळवंटात आडोसा कमी आणि नजर लांबवर पोहोचते. आपण चालू लागलो की हरणाला आपली चाहूल आधी लागते आणि ते उठून निघून जाते, आपल्याला ते तेथे होते हेही कळत नाही. येथे शिकार बसून, डोळ्यांनी करायची असते.

उजाडण्यापूर्वी अर्धा तास आधी एखाद्या उंचवट्यावर पोहोचावे. सूर्य पाठीशी राहील आणि समोर एक-दोन किलोमीटर पसरलेला उतार दिसेल, अशी जागा निवडावी. दुर्बीण तिपाईवर बसवावी. हातात धरलेल्या दुर्बिणीच्या थरथरीत कानाची हालचाल विरून जाते, आणि तिपाईवर तीच दुर्बीण चटकन काहीतरी दाखवू लागते. दृश्याचे आडवे पट्टे पाडून डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावे, मग तोच पट्टा पुन्हा पाहावा. अख्खे हरीण शोधू नये. उभ्या फांद्यांच्या गर्दीत एक आडवी रेघ, म्हणजे पाठ. झुडपाखाली हललेला कान. गळ्याचा पांढरा डाग. उन्हात चमकलेले शिंगाचे टोक, एवढेच आधी दिसते. नजर ठरली की उरलेले अंग आपोआप उलगडत जाते.

पहिले दोन तास संपले की बहुतेक लोक उठतात. त्यांनी उठू नये. हरणे सावलीत बसतात आणि सूर्य वर चढला की सावली सरकते, त्यामुळे दहा ते एकच्या दरम्यान ती उठून दोन पावले पलीकडच्या सावलीत जाऊन बसतात. उत्तरेकडील उतारावर ओकखाली बसलेला नर मला पहिल्यांदा असाच साडेअकराच्या सुमारास दिसला. त्या झाडाकडे मी सकाळपासून किमान दहा वेळा पाहिले होते. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत माज असतो. त्या दिवसांत नर माद्यांच्या मागे दिवसभर हिंडतात, म्हणून नवख्यासाठी तो काळ सर्वांत चांगला.

१०. वाऱ्याला इतके महत्त्व का देतात?

हरणाचे डोळे चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. डोंगरात पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापले की वर चढू लागते. म्हणून सकाळी सावजाच्या खालच्या अंगाने आणि नंतर वरच्या अंगाने जावे. दिशा बदलण्याच्या अर्ध्या तासात वारा गोल फिरतो, तेव्हा जागा सोडू नये. बारीक पूड भरलेली छोटी बाटली खिशात ठेवून दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून पाहावी.

११. पाणवठ्याजवळ लपून बसणे सोपे नाही का?

पाणवठ्यावर टेहळणी करता येते, पण काही बंधने कायद्याची आहेत. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम ठोकून वन्यप्राण्यांचा किंवा गुरांचा एकमेव पाण्याचा मार्ग अडवणे गुन्हा आहे. मोठ्या सावजासाठी खाद्य टाकून आमिष दाखवता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आले की आपोआप छायाचित्र घेणारा) लावण्यासही बंदी आहे, आणि पाणवठ्यांभोवती जमलेली कॅमेऱ्यांची गर्दी हे तिचे एक कारण होते. दुष्काळात विभाग आणि स्वयंसेवक टँकरने कृत्रिम टाक्या भरतात. एकुलत्या एका पाण्यावर पहारा बसला तर तहानलेले जनावर परत फिरते. म्हणून मी पाण्यापासून दूर, पाण्याकडे येणाऱ्या वाटांवर नजर ठेवतो, आणि शिकाऊ मंडळींनाही तेच सांगतो.

१२. लावे कोणत्या वर्षी आणि कोठे जास्त मिळतात?

गॅम्बेल लाव्याचे भवितव्य हिवाळ्याचा पाऊस ठरवतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात चांगला पाऊस झाला की कोवळी हिरवळ येते, ती खाऊन माद्या विणीला तयार होतात आणि पुढच्या शरद ऋतूत थवे मोठे असतात. कोरड्या हिवाळ्यानंतर विण जवळजवळ होतच नाही. याच्या उलट, ओकच्या रानातील मर्न्स लावा उन्हाळी मान्सूनवर अवलंबून असतो. त्याचा हंगाम उशिरा सुरू होतो आणि दिवसाला आठांचीच मर्यादा आहे. गॅम्बेल लावे सकाळी कोरड्या ओढ्यांच्या काठी मेस्किटच्या झाडांखाली चरतात आणि त्यांची साद दूरवर ऐकू येते. ते उडण्याआधी पळतात, त्यामुळे थवा एकदा फोडावा आणि मग पांगलेले पक्षी एकेक करून, सावकाश शोधावेत. संपूर्ण थवा कधीही संपवू नये.

१३. सशाचे मांस खाऊन आजार होतो, हे खरे आहे का?

सशांना टुलरेमिया हा जिवाणूजन्य रोग होऊ शकतो. तो सोलताना हातावरच्या जखमेतून किंवा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. सुस्त, सहज हाती लागणारा ससा मारू नये. सोलताना हातमोजे घालावेत. यकृतावर पांढरे ठिपके दिसल्यास तो ससा टाकून द्यावा. मांस आतपर्यंत, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. आपल्या कुकरमध्ये केलेल्या रश्श्यात हे सहज साधते. सोलल्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना सशाविषयी स्वतःहून सांगावे. २०२० पासून ॲरिझोनात सशांचा रक्तस्रावी विषाणूजन्य रोगही आढळला आहे. तो माणसाला होत नाही, परंतु एके ठिकाणी बरेच मेलेले ससे दिसल्यास हात न लावता विभागाला कळवावे.

१४. ऊन, साप आणि काटे यांपासून काय काळजी घ्यावी?

माणशी दिवसाला चार लिटर पाणी, त्याखेरीज गाडीत वेगळा साठा. उबदार दिवसांत रॅटलस्नेक बाहेर असतात. हात दिसत नाही अशा कपारीत हात आणि पाय दिसत नाही अशा दगडापलीकडे पाय टाकू नये. चोला निवडुंगाचा गोळा कातडीत रुतल्यास बोटांनी न ओढता फणी खाली सारून झटक्यात उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. मान्सूनच्या दिवसांत कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये, कारण पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा येथे येतो. ॲरिझोनात नारिंगी जाकीट सक्तीचे नाही, तरी मी ते घालतो आणि सोबत्यालाही घालायला लावतो.

१५. गोळी लागल्यावर लगेच धावत जावे का?

जाऊ नये. आधी हरीण जेथे उभे होते ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा खडकाच्या खुणेने पक्की करावी, कारण ओढा उतरून पलीकडे गेल्यावर सगळी झुडपे सारखीच दिसतात. अर्धा तास थांबून मग माग काढावा. रक्ताचा प्रत्येक ठिपका सोबत्याने चिंधीने खुणावत यावे. नवख्याने दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडूच नये. कूझ हरीण लहान असल्यामुळे ते आहे त्याहून दूर वाटते, म्हणून अंतरमापक वापरावा.

१६. नोव्हेंबरातही दिवसा पंचवीस-तीस अंश तापमान असते. मांस खराब होऊ नये म्हणून काय करावे?

माझ्या मते या संपूर्ण विद्येतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मांस नासते ते मुख्यतः अंगातल्याच उष्णतेने, आणि मांडीच्या हाडाभोवती ती सर्वांत जास्त वेळ राहते. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी मारलेले हरीण केवळ पोट साफ करून, कातडीसकट, सकाळपर्यंत ठेवले. रात्र गार होती, तरीही मागचे दोन्ही फरे हाडाजवळ आंबले आणि टाकावे लागले. त्या जिवाचा तो अपमान होता, असे मला आजही वाटते.

तेव्हापासून पोट न फाडण्याची पद्धत मी वापरतो. टॅग लावून झाला की हरीण कुशीवर आडवे करावे, पाठीच्या कण्यावरून कातडी चिरून खाली सोलावी, पुढचा व मागचा फरा वेगळा करावा, पाठीचा लांब स्नायू आणि मानेचे मांस काढावे, मग कूस बदलून तेच पुन्हा करावे. आतील कोवळे स्नायू शेवटी बरगडीमागून हात घालून निघतात. प्रत्येक तुकडा हवा खेळणाऱ्या सुती पिशवीत घालून सावलीत टांगावा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही घालू नये. गाडीतील पेटीत बर्फ आधीच असावा आणि तिची निचऱ्याची बूच उघडी ठेवावी, म्हणजे मांस पाण्यात भिजत नाही. नर असल्याचा पुरावा कायद्याने सोबत ठेवावा लागतो. खाण्याजोगे मांस वाया घालवणे हाही गुन्हा आहे. कूझ नराचे हाडाविना वीसएक किलो मांस पाठीवर घेऊन दोन तासांत गाडीपर्यंत पोहोचता येत नसेल, तर तितक्या लांब असलेल्या हरणावर नेम धरू नये.

घरी चरबी पूर्ण काढून टाकावी, ती मेणासारखी तोंडात चिकटते. उरलेल्या मांसाला आपला कांदा-खोबऱ्याचा मसाला उत्तम लागतो.

१७. मुलांना नेता येते का?

दहा वर्षांखालील मुलांना परवानाधारक प्रौढासोबत लहान सावज मारता येते, मोठे सावज मात्र मारता येत नाही. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्या सावजासाठी हंटर एज्युकेशन पूर्ण केलेले असावे लागते. चौदापासून ते सक्तीचे नाही, तरी पालकांनीही मुलांसोबत तो अभ्यासक्रम करावा.

१८. जानेवारीत धनुष्याने हरीण मिळाले. त्याच वर्षीचा नोव्हेंबरचा टॅग वापरता येईल का?

सर्वसाधारणपणे नाही. मर्यादा कॅलेंडर वर्षाला एक हरीण अशी आहे, त्यामुळे जानेवारीत टॅग लागला की ते वर्ष संपले. डिसेंबरात मिळालेले हरीण मात्र आधीच्या वर्षात मोजले जाते. शरद ऋतूतील चांगल्या टॅगची आशा असणाऱ्याने जानेवारीतील निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

१९. जखमी हरीण खासगी किंवा आदिवासी राष्ट्राच्या जमिनीत गेले तर?

हद्दीपाशी थांबावे, रक्ताची शेवटची खूण नोंदवावी आणि मालकाची किंवा त्या राष्ट्राच्या वन्यजीव अधिकाऱ्यांची परवानगी मागावी. आपण टॅगधारक आहोत म्हणून आत शिरण्याचा अधिकार मिळत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही हाच क्रम, रेंजरला कळवूनच पुढे जायचे. हे टाळण्यासाठी हद्दीपासून निदान अर्धा मैल आतच टेहळणीची जागा निवडावी.

२०. मांस मित्रांना देता येते का, आणि शिंगे भारतात नेता येतात का?

मांस विकता येत नाही, भेट देता येते. हरणाचे मांस दुसऱ्याकडे सोपवताना टॅगवरील हस्तांतराचा भाग भरून सही करावी, म्हणजे घेणाऱ्याकडे ते कोठून आले याचा पुरावा राहतो. पॉटलकला नेलेल्या शिजवलेल्या पदार्थाच्या वेळी मात्र पाहुण्यांना ते कशाचे मांस आहे हे आधी सांगावे. शिंगे, कातडी किंवा मांस भारतात नेण्याचा विचारही करू नये. तेथील वन्यजीव व आयातविषयक कायदे कडक आहेत आणि विमानतळावर ॲरिझोनाचा टॅग दाखवून सुटका होत नाही. शिंगे येथील घरातच ठेवावीत.